टॉक्सिक मॅस्क्युलिनिटी असते का, आणि असते तर नेमकी कुठे

प्रश्न विचारणारा सत्तावीस वर्षांचा आहे, पुण्यात नोकरी, घर गावाकडे. बहिणीशी भांडण झालं, कशावरून तर ती रात्री उशिरा येते यावरून, आणि भांडणात ती म्हणाली "दादा, तू टॉक्सिक आहेस". याचं म्हणणं असं की मी दारू पीत नाही, कुणावर हात उचलला नाही, हिच्या शिक्षणाचे पैसे मी भरले, मग मी टॉक्सिक कसा? आणि हे टॉक्सिक मॅस्क्युलिनिटी, म्हणजे विषारी पुरुषीपणा, प्रकरण खरंच काही असतं का, की पुरुषांना झोडपायला काढलेलं खूळ आहे?

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात समुपदेशन करतो. व्यसनमुक्ती, नवरा-बायकोचे वाद, आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेली माणसं, अशा केसेस जास्त आणि समोरच्या खुर्चीत बहुतेक वेळा पुरुष. त्यामुळे या विषयावर माझं मत ठाम आहे आणि उत्तर जरा लांबणार आहे.

तर, असते. पण तपासणी करून याला आहे आणि त्याला नाही असं सांगता येईल असा तो आजार नाही. ती अटींमध्ये असते. आपल्याकडे पुरुषाचा मान काही अटींवर टिकतो, कमवायचं, घाबरायचं नाही, रडायचं नाही, मदत मागायची नाही, घरातल्या बायका आपल्या शब्दात ठेवायच्या, कुणी डिवचलं तर मागे हटायचं नाही. यातल्या काही अटी चांगल्या आहेत, काहींनी फारसं काही बिघडत नाही, आणि काही अशा आहेत की त्या पाळता पाळता तो माणूसही मोडतो आणि त्याच्या घरचेही. या शेवटच्या अटी आणि त्या मोडल्या की मिळणारी शिक्षा, एवढ्यालाच मी टॉक्सिक मॅस्क्युलिनिटी म्हणतो. शिक्षा म्हणजे बहुतेक वेळा नुसतं हसणं. "बांगड्या भर", "बायकोच्या ताटाखालचं मांजर", "काय बाईसारखा मुळुमुळु रडतोस". आणि हे बोलणाऱ्यांत मित्र तर असतातच, पण आई असते, आजी असते, कधीकधी बायकोही असते, म्हणून हा पुरुष विरुद्ध बायका असा सामना आहे असं मला अजिबात वाटत नाही.

आता हा शब्द आला कुठून ते बघा, कारण अर्धा वाद तिथेच मिटतो. बऱ्याच जणांना वाटतं की स्त्रीवाद्यांनी काढला. तसं नाहीये. १९८०-९० च्या दशकात अमेरिकेत पुरुषांचीच एक चळवळ होती, पुरुष एकत्र जमून वडिलांबद्दल, स्वतःच्या पोकळपणाबद्दल बोलायचे, त्यातल्या शेफर्ड ब्लिस यांच्याकडे या शब्दाचं श्रेय जातं. पुढे टेरी कूपर्स नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने २००५ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांवर लिहिताना तो नीट मांडला. त्यांचा प्रश्न अगदी व्यवहारी होता, कैद्यांना मानसिक उपचारांची गरज आहे तरी ते घेत का नाहीत? तर उपचार घेणं म्हणजे कच्चा निघणं, आणि तुरुंगात कच्चा निघालेल्याचं काय होतं हे सगळ्यांना माहीत असतं. कूपर्स यांच्या व्याख्येत काय येतं, तर दुसऱ्यावर वरचष्मा गाजवणं, बायकांना कमी लेखणं, समलिंगी लोकांचा द्वेष आणि बेबंद हिंसा. आणि त्याच लेखात त्यांनी हेही स्पष्ट केलंय की खेळात जिंकल्याचा अभिमान, मित्राच्या मागे उभं राहणं, कामात यश मिळवणं, कुटुंबाला पोसणं यात टॉक्सिक काही नाही. म्हणजे ज्याने संज्ञा मांडली त्यानेच वेगळं करून दिलं होतं. नंतर लैंगिक छळाबद्दल बायका उघड बोलू लागल्या त्या 'मी टू'च्या लाटेत तो शब्द सगळीकडे पसरला आणि हे वेगळं केलेलं मागेच राहिलं.

टीका करणाऱ्यांचं मात्र सगळं चूक आहे असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने पुरुष आणि मुलग्यांसोबत काम करण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं लोकांसमोर आणली आणि त्यांच्याच मासिकात लिहिलं गेलं की पारंपरिक पुरुषी वळण, म्हणजे भावना दाबणं, स्पर्धा, वर्चस्व, आक्रमकता, हे एकंदरीत हानिकारक आहे. त्याच महिन्यात जिलेट या दाढीच्या ब्लेडच्या कंपनीची, पुरुषांनी दादागिरी आणि बायकांची छेड थांबवावी असं सांगणारी जाहिरात आली. दोन्हींवर प्रचंड गदारोळ झाला, आणि मला विचाराल तर त्या मासिकातल्या वाक्यावरचा राग योग्य होता, कारण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी एका टोपलीत टाकल्या. संयम आणि वर्चस्व एक नाही. २०१९ च्या पुरात आमच्याकडे लोक बोटीतून म्हातारी माणसं, गुरं बाहेर काढत होते, त्या वेळी मन घट्ट ठेवणारी माणसं नसती तर काय झालं असतं? त्यांच्या घट्ट राहण्याला मी आजार म्हणणार नाही. त्रास नंतर झाला, पाणी ओसरल्यावर महिनोन्महिने झोप नाही, कुठलाही आवाज झाला की दचकायचे, आणि तरी तोंडातून शब्द नाही. घट्टपणा गरज संपल्यावरही सोडता आला नाही, कारण सोडला तर लोक काय म्हणतील.

ही माझी एकट्याची समजूत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघणारं एक मोठं मेटा-अ‍ॅनालिसिस आलं, पुरुषी नियम पाळण्याचा आणि मानसिक आरोग्याचा संबंध तपासणारं, एकूण १९,००० हून जास्त लोकांची माहिती त्यात होती. त्यात नियम सुटे सुटे करून मोजले आणि निकाल फार बोलका आहे. तीन नियमांचा संबंध सगळ्यात ठळकपणे वाईट निघाला, एक म्हणजे सगळं माझं मीच निस्तरणार, दुसऱ्याची मदत घेणार नाही. दुसरा, बायकांवर माझा वरचष्मा हवा. तिसरा, जितक्या जास्त बायका तितकी मर्दुमकी. आणि "काम सगळ्यात आधी" या नियमाचा मानसिक त्रासाशी असा काही संबंध सापडला नाही. म्हणजे कष्टाळू माणसाला टॉक्सिक म्हणायला काही आधार नाही, आणि "टॉक्सिक मॅस्क्युलिनिटी असं काही नसतंच" म्हणायलाही नाही.

दुसरं एक काम मला फार उपयोगी पडतं. वँडेलो आणि बॉसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००८ पासून मांडलेला विचार असा की पुरुषपण बहुतेक समाजांत कमवावं लागतं आणि ते कधीही जाऊ शकतं. बाईवरही शिक्के बसतात, वांझ म्हणून बसतो, चारित्र्यावरून बसतो, ते भयंकरच आहे. पण पुरुषाला आपण पुरुष असल्याचं रोजच्या रोज दाखवत राहावं लागतं. त्यांच्या एका प्रयोगात काही पुरुषांना पुतळ्याच्या केसांची वेणी घालायला लावली आणि काहींना तशीच दोरी विणायला लावली, नंतर पंचिंग बॅग दिली, तर वेणी घातलेल्यांनी जास्त जोरात ठोसे मारले. काय झालं होतं त्यांना? कुणी शिवी दिली नव्हती, कुणी मारलं नव्हतं. फक्त बायकी समजलं जाणारं काम करताना कुणीतरी बघितलं होतं.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तासगावकडचा द्राक्षबागायतदार, चाळिशीचा. त्याची बायको एकटी आली होती, ओठ फुटलेला, म्हणाली मोटारीचं दार लागलं. मी तेव्हा काही बोललो नाही, आमच्यात पद्धत अशी की मारहाणीचा संशय असेल तर नवरा-बायकोला पहिल्यांदा एकत्र बसवायचंच नाही, आधी तिच्याशी एकटीशी बोलायचं, घरी सुरक्षित आहे का, माहेर जवळ आहे का, रात्री काय होतं, आणि घरगुती हिंसेच्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी आणि बायकांसाठीची १८१ हेल्पलाइन यांची माहिती द्यायची. दुसऱ्या भेटीत तिने सांगितलं. त्यांचा माल घेणारा व्यापारी पैसे न देता पसार झाला होता. हे नवऱ्याला मार्चमध्ये कळलं आणि बायकोला जुलैमध्ये, तेही कर्ज दिलेल्या सोसायटीचा माणूस दारात आला तेव्हा. म्हणजे चार महिने हा माणूस रोज सकाळी बागेत जात होता, एप्रिलची खरड छाटणी केली, औषधं उधारीवर आणली, घरात हसून जेवला आणि एका शब्दाने बोलला नाही. ती म्हणाली, "मला आधी सांगितलं असतं तर माझं मंगळसूत्र मोडलं असतं". तेवढ्यावर त्याने मारलं.

नंतर तो आला. मांडीवर ईसीजीची फाइल. "सर, मला काय झालेलं नाही, छातीत जरा धडधडतं, डॉक्टर म्हणाले हार्ट ठीक आहे, एखादी सुई द्या." मी विचारलं बायकोला का नाही सांगितलं, तर म्हणाला, "बाईमाणसाला कशाला सांगायचं, ती टेन्शन घेईल." आणि मारलं का, तर बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "ती दागिना मोडते म्हणाली, म्हणजे मी कशाला आहे मग?"

हे शेवटचं वाक्य मी नंतर कितीतरी जणांच्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलंय. त्याचं बायकोवर प्रेम नव्हतं असं नाही, चार महिने लपवलं तेही त्याच्या मते तिच्या काळजीपोटीच. पण घर सांभाळणारा मी एकटाच ही अट इतकी अंगात मुरलेली की बायकोची मदत त्याला अपमान वाटली, आणि अपमान वाटला की काय करायचं हे एकच त्याला शिकवलं होतं. लपवणं आणि मारणं दोन्ही एकाच ठिकाणाहून आलं. मारल्याची जबाबदारी यातून कमी होत नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. मारणं हा त्याचा निर्णय होता, सोसायटीच्या माणसाला त्याने मारलं नाही, व्यापाऱ्याच्या दारात जाऊन मारलं नाही, घरी मारलं, जिथे मारलं तर चालतं असं त्याला माहीत होतं.

आणि "चालतं" ही फक्त पुरुषांची समजूत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारलं होतं की काही कारणांसाठी, म्हणजे सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, घराकडे-पोरांकडे दुर्लक्ष केलं वगैरे, नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का. एखाद्या तरी कारणासाठी योग्य म्हणणारे पुरुष ४४% आणि बायका ४५%. त्याच सर्वेक्षणात विवाहित बायकांपैकी साधारण २९% जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हे आकडे बघितल्यावर "असं काही नसतंच" म्हणणाऱ्याला मी काय उत्तर देऊ?

आता दुसरी बाजू, जी पुरुष हक्कवाले मांडतात आणि बरोबर मांडतात. २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात १,२२,७२४ पुरुष. राज्यांत महाराष्ट्र सगळ्यात वर, २२,७४६. ते म्हणतात बघा, मरतोय तर पुरुष, आणि वर त्यालाच टॉक्सिक म्हणताय. मला हा मुद्दा मनापासून महत्त्वाचा वाटतो, फक्त त्यावरून जो निष्कर्ष काढतात तो उलटा आहे. कर्ज, पडलेला भाव, अवकाळी पाऊस, गेलेली नोकरी, हे सगळं खरं आहे, पुरुषीपणाने कर्ज होत नाही. पण झालेलं कर्ज कुणाला सांगायचं, दवाखान्यात जायचं की नाही, बायकोच्या नावावर बचत गटाचं कर्ज काढायचं की नाही, हे मात्र त्या अटी ठरवतात. बायकोला मारणारा पुरुष आणि विषाची बाटली शोधणारा पुरुष हे दोन वेगळे गट आहेत असं बाहेरून वाटतं, आमच्या खोलीत ते बऱ्याचदा एकच असतात.

पुरुषांचं डिप्रेशन ओळखायला आपण सगळेच कमी पडतो, डॉक्टरसुद्धा. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९८० च्या दशकात फॅमिली डॉक्टरांना डिप्रेशन ओळखण्याचं खास प्रशिक्षण दिलं, आत्महत्या कमी झाल्या, पण कुणाच्या, तर बायकांच्या. पुरुषांच्या फारशा हलल्या नाहीत. नंतर तिथल्याच लोकांनी लिहिलं की पुरुष उदास दिसत नाहीत, ते चिडके दिसतात, दारू वाढते, अंगावर येतात, आणि दवाखान्यात तर येतच नाहीत. आपल्याकडे येतात, पण वेगळ्याच दाराने. डोकं जड, गॅसेस, छातीत धडधड, अंग मोडून येतं, आणि बायको खोलीबाहेर गेली की आवाज खाली करून "सर, धातू जातो, कमजोरी आलीय". मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्येच या तक्रारीला धात सिंड्रोम असं नाव दिलं होतं. वीर्य गेलं म्हणजे ताकद गेली ही समजूत, आणि त्याखाली बहुतेक वेळा चिंता किंवा डिप्रेशन. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रेल्वे लायनीच्या कडेला "मर्दाना कमजोरी"च्या जाहिराती कशावर चालतात? वीस-बावीस वर्षांची पोरं महिन्याच्या पगाराएवढे पैसे त्या चूर्णांवर घालवतात, आणि लैंगिक शिक्षणाबद्दल र. धों. कर्वे १९२७ पासून मासिक काढून ओरडत होते, त्याला आता शंभर वर्षं होत आली.

नसबंदीचं तर बोलायलाच नको. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदी ३७.९% आणि पुरुष नसबंदी ०.३% जोडप्यांत. बाईचं ऑपरेशन पोट उघडून किंवा दुर्बिणीने, पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी दहा-वीस मिनिटांची, त्याच दिवशी घरी, फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं. दोन सिझर झालेल्या सुनेसमोर सासू आशा ताईला सांगते, "माझ्या पोराला कशाला कापता, त्याला वजनाची कामं करायची असतात." मुलगा खाली मान घालून बसलेला, त्याची तयारी असते कधीकधी, पण आईसमोर आणि नंतर पारावर काय उत्तर देणार. इथेही सगळं पुरुषीपणावर ढकलणं बरोबर नाही, आणीबाणीत १९७६-७७ मध्ये साठ लाखांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यातल्या कितीतरी जबरदस्तीने, ती भीती घराघरांत राहिली. पण आता बिनटाक्याची सोय असूनही आकडा हलत नाही त्यामागे "मर्दानगी जाते" ही भीती आहेच.

हे सगळं हार्मोनमुळे आहे, निसर्गच आहे, असं म्हणणारे पण भेटतात. हार्मोनचा काहीच भाग नाही असं मी म्हणत नाही, जगभरात खुनाच्या संशयितांत साधारण ९०% पुरुष आहेत, आणि खून झालेल्यांतही साधारण ८०% पुरुषच. पण युरोपात मध्ययुगापासून आजपर्यंत खुनांचं प्रमाण दहा पटीहून जास्त खाली आलं, तेवढ्या काळात पुरुषाचं शरीर काही बदललेलं नाही. आणि लांब कशाला, आपल्याकडेच बघा. कोल्हापूरच्या तालमीत पोरं एकमेकांची मालिश करतात, वस्ताद पाठीवरून हात फिरवतो, हरलेला उठून जिंकलेल्याला मिठी मारतो, दारू-तंबाखूला हात लावायचा नाही ही शिस्त. ताकद आहे, स्पर्धा आहे, आणि मायाही आहे. वारीत बापे एकमेकांना माउली म्हणून पाया पडतात, कळस दिसला की ढसाढसा रडतात, त्याला कुणी हसत नाही. तोच माणूस गावी आल्यावर पोराच्या आजारपणातही डोळ्यांत पाणी आणत नाही. शरीर तेच, फक्त आजूबाजूच्यांची परवानगी गेली.

"पाश्चात्त्यांचं खूळ" म्हणणाऱ्यांना तर एवढंच सांगेन की बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहून विचारलं होतं की जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, आई-बहिणीवरून शिवी दिली तर ५०० रुपये दंड. त्यांना कुणी इंग्रजी शब्द शिकवायला गेलं नव्हतं.

माझी या शब्दावरची खरी तक्रार वेगळीच आहे. तो चिकटतो कुणाला? रिक्षावाल्याला, गावाकडच्या पोराला, बुलेटचा आवाज काढत जाणाऱ्याला. चांगल्या सोसायटीत राहणारा, कधीही आवाज न चढवणारा, पण बायकोचा पगार आपल्या अकाउंटला वळवणारा, तिच्या फोनचं लोकेशन चालू ठेवायला लावणारा, आणि मनासारखं झालं नाही की पंधरा पंधरा दिवस अबोला धरणारा, तो सुटतो. तो सभ्य दिसतो. माझ्या अनुभवात त्याच्या बायकोला बाहेर पडायला जास्त वेळ लागतो, कारण दाखवायला जखम नसते आणि माहेरचे म्हणतात एवढा चांगला नवरा मिळालाय. आणि जातीचंही तसंच आहे, मुलीने जातीबाहेर लग्न केलं की भाऊ कोयता उचलतो, त्याला बऱ्याचदा बहिणीपेक्षा पारावरच्या हसण्याची भीती जास्त असते, आणि पारावर हसणारे मात्र नामानिराळे राहतात.

४९८-अ चा, म्हणजे नवरा आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाविरुद्धच्या कलमाचा (२०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५), प्रश्न हमखास येतो. हो, खोट्या तक्रारी होतात, मी अशी कुटुंबं बघितली आहेत, म्हातारे आई-वडील कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, त्यांचं दुःख खरं आहे आणि त्यांना न्याय मिळायलाच हवा. पण एका कायद्याचा गैरवापर होतो म्हणून ज्या अटींबद्दल मी बोलतोय त्या नाहीशा होत नाहीत, उलट अशा केसमध्ये अडकलेला पुरुष जेव्हा येतो तेव्हा त्याला सगळ्यात जड काय जातं, तर मित्रांना सांगणं. "बायकोने केस टाकली" हे सांगताना त्याला कायद्याची कमी आणि हसू होण्याची जास्त भीती असते. त्यालाही त्याच अटी मारतात.

खोलीत मी हा शब्द वापरत नाही. वापरला की समोरचा हाताची घडी घालतो आणि विषय संपतो. मी विचारतो, तुमच्या वडिलांनी तुम्हाला शेवटचं जवळ कधी घेतलं होतं? बरेचजण आठवत बसतात, काहींना आठवतच नाही. मग विचारतो, तुमचा मुलगा हे उत्तर काय देईल? इथून बोलणं सुरू होतं. आणि छोटी कामं देतो, कर्जाचा पूर्ण आकडा एका मित्राला सांगून यायचा, उपदेश नाही, फक्त आकडा. द्राक्षवाल्याला हेच काम दिलं होतं, तो मेहुण्याला सांगून आला आणि कळलं की मेहुण्याचेही पैसे त्याच व्यापाऱ्याकडे बुडालेत, आणि तोही घरी बोलला नव्हता. दोघं मिळून तक्रार द्यायला गेले. मारहाण थांबली का, तर तिच्याकडून एकटीकडून विचारून खात्री करत राहिलो, बराच काळ. पुरुषाने "आता सुधारलोय" म्हटलं एवढ्यावर आम्ही फाइल बंद करत नाही.

मोठ्या प्रमाणावर काय करता येतं याची उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. मुंबईत पुरुषांनीच १९९३ मध्ये सुरू केलेली मावा ही संस्था तरुण मुलांसोबत काम करतेय. २००८ पासून मुंबईतल्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसोबत जेम्स नावाचा उपक्रम झाला, घरकाम कुणी करायचं, मारणं, चिडवणं यावर वर्गात चर्चा. मुलांची मतं बदललेली दिसली. मतं बदलणं सोपं असतं, वागणूक बदलायला घर आणि मित्र दोन्ही बदलावे लागतात, म्हणून नुसत्या शाळेतल्या तासांवर माझा पूर्ण भरवसा नाही, पण सहावीतल्या पोराला हे कळणं आणि चाळिशीत ईसीजीची फाइल घेऊन येणं यात मी पहिलं निवडेन. कारण तो तास आपण घेतला नाही तर रील्स घेतातच, अल्फा, सिग्मा असे खऱ्या मर्दाचे शिक्के, बाईला कसं काबूत ठेवायचं, पंधरा वर्षांची पोरं मला ही भाषा ऐकवतात.

आता तुमचं. तुम्ही टॉक्सिक आहात की नाही यावर मी निकाल देणार नाही, पण तीन गोष्टी स्वतःला विचारा. उशिरा यायचं नाही हा नियम धाकटा भाऊ असता तर त्यालाही लावला असता का. तुम्हाला भीती तिच्या सुरक्षिततेची वाटते की शेजारी काय म्हणतील याची, कारण पहिल्या भीतीवर उपाय म्हणजे तिला घ्यायला कुणीतरी जाणं किंवा रिक्षाचे पैसे देणं, आणि दुसऱ्या भीतीवर उपाय म्हणून आपण तिला घरात बसवतो. आणि तिच्या शिक्षणाचे पैसे तुम्ही भरले हे भांडणात आलं ना? मोठ्या भावाने फी भरणं ही फार चांगली गोष्ट आहे, मी ती कधीच टॉक्सिक म्हणणार नाही. पण त्या फीच्या बदल्यात तिच्या येण्याजाण्यावर तुमचा हक्क झाला असं तुम्हाला वाटत असेल तर बहिणीला ते कळलंय, आणि तिने रागात तेच सांगितलंय. तिच्याशी बोला, तिला येताना नेमकी कुठे भीती वाटते ते तिला सांगू द्या, मध्ये तोडू नका.

आणि तुमच्या प्रश्नात एक ओळ होती की कंपनीत लोक कमी करतायत पण घरी सांगितलेलं नाही. मला त्या ओळीची जास्त काळजी वाटली. घरी सांगा. आई-वडिलांना लगेच जमत नसेल तर आधी बहिणीलाच सांगा. झोप लागत नसेल, चिडचिड वाढली असेल, किंवा हे सगळं संपवावं असे विचार येत असतील तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढून सरळ जाता येतं. तिथे गेल्यावर काय बोलायचं हा प्रश्न पुरुषांना फार पडतो, तर "झोप लागत नाही आणि राग आवरत नाही" एवढं सांगितलं तरी पुरतं, पुढचं विचारायचं काम आमचं.